घोडी दुसऱ्यांदा थांबली

तोलोगोन माझा पाठचा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात, चोंग-अर्चात, लोक मला तोलोगोनचा भाऊ म्हणतात. खरं तर उलटं पाहिजे. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, मिनीबस माझी, आणि या खोऱ्यात माझ्या गाडीत न बसलेला माणूस तुम्हाला फक्त कबरस्तानात सापडेल, तोही एकदा तरी बसून गेलेलाच असणार. तरी मी तोलोगोनचा भाऊ. असू दे. असा भाऊ असल्यावर माणसाने चार पावलं मागे चालावं, काही बिघडत नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. फोटो काढून देणं, कागदांच्या झेरॉक्स, अर्ज भरून देणं, असली कामं तो करायचाच, पण त्याचं खरं काम म्हणजे डिस्कची प्रत. लग्नाच्या, गाण्यांच्या, कुणाच्या आजोबांच्या आवाजाच्या. रशियात कामाला निघालेली माणसं यायची, डिस्क द्यायची आणि म्हणायची, दोन प्रती दे, एक आईला, एक माझ्याबरोबर. नार्यन शहरात दुसरी दुकानं होती. तिथं डिस्क दिली की चहा संपायच्या आत प्रत हातात. तोलोगोनकडे दिली की तो म्हणायचा, उद्या या. लोक टोमणे मारायचे, तोलोगोनकडे जायचं तर अंथरूण घेऊन जा. पण जायचे त्याच्याकडेच.

का जायचे ते सांगतो. मी आठवी शिकलेला माणूस, पण त्याने मला इतक्यांदा समजावलंय की आता झोपेतही सांगेन. डिस्क वाचणारं यंत्र खोटारडं असतं. डिस्कवर ओरखडा असला, तिथलं त्याला वाचता आलं नाही, तर ते गप्प बसत नाही. मागचं-पुढचं बघून मधलं आपल्या मनाने भरतं, नाहीतर तिथं शांतता टाकतं आणि पुढं जातं. ऐकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून तोलोगोनचा कॉम्प्युटर यंत्राला प्रत्येक तुकडा दोनदा विचारायचा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर खरं, नाहीतर परत विचार. शेवटी प्रत्येक गाण्याचा एक लांबलचक आकडा निघायचा, अंगठ्याच्या ठशासारखा. कारखान्यात बनलेली डिस्क असली तर जगभर ज्यांनी ज्यांनी ती वाचलीय त्यांचे आकडे इंटरनेटवर असतात, त्यांच्याशी आपला जुळवून बघायचा. एकदा त्याने मला दुकानात ओढून नेलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाइके," म्हणजे दादा, "बघ. एक्केचाळीस माणसांचा आणि माझा आकडा एकच आहे." लोकांना मुलगा झाला तरी एवढा आनंद होत नाही. मी त्या दिवशी गाडीतल्या प्रत्येक उतारूला सांगितलं, माझा भाऊ जगातल्या एक्केचाळीस माणसांच्या बरोबरीचा आहे. कशात ते विचारलं तर म्हणायचो, खरेपणात.

ही सवय त्याला आमच्या वडलांनी लावली. वडील, केरिमाली, सरकारी कळपाचे मेंढपाळ. उन्हाळ्यात वरच्या कुरणात मेंढ्या सकाळी बाहेर पडताना मोजायच्या आणि संध्याकाळी आत येताना मोजायच्या. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी मला कंटाळा आला. सकाळी चारशे बारा होत्या, मी न बघता सांगितलं चारशे बारा. वडील माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोलोगोनला उभं केलं, तो तेव्हा सात वर्षांचा. त्याने एकेकीवर काठी रोखत मोजल्या आणि म्हणाला चारशे अकरा. एक कोकरू खडकांमागे राहिलं होतं. वडलांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "मुकाश, तू मेंढ्या नाही मोजल्यास. तू सकाळ मोजलीस."

ते वाक्य आमच्या घरात राहिलं. कुणी काम न करता केलं म्हणालं की तोलोगोन म्हणायचा, सकाळ मोजली वाटतं.

वडील कोमुझ वाजवायचे. तीन तारांचं वाद्य, खोऱ्यात घरोघर असतं, पण घरोघर असणं आणि केरिमालीच्या हातात असणं यात फरक आहे, तो मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन. त्यांच्या स्वतःच्या नऊ धुना होत्या. शेवटची, मागे वळलेल्या घोडीची. कळप खिंड ओलांडून चाललाय, घोडीचं शिंगरू मागे राहिलंय. घोडी दौडत असते आणि खिंडीच्या माथ्यावर एकदम थांबते, कान टवकारते. तिथं वडलांचा उजवा हात तारांवरून उठायचा, खांद्यापर्यंत जायचा आणि तिथंच राहायचा. बसलेली माणसं श्वास धरायची. मग हात खाली यायचा आणि घोडी मागे फिरायची. शब्द एकही नाही, पण कुणाला सांगावं लागायचं नाही की ही घोडी आहे आणि ती आता परत निघाली.

२००४ साली राजधानीतून एक रेकॉर्डिंगवाला आला. आमच्या सांस्कृतिक भवनात पडदे बंद करून त्याने वडलांना दोन दिवस वाजवायला लावलं. जाताना पाच डिस्क बनवल्या, प्रत्येकीवर हिरव्या शाईने वडलांचं नाव लिहिलं. एक त्याने स्वतःकडे ठेवली, एक वडलांना, एक भवनाला, एक सरोवराकाठी तोंगला राहणाऱ्या आत्याकडे गेली आणि एक मला मिळाली, थोरला म्हणून.

तोलोगोनने दुकान काढल्यावर पहिल्यांदा वडलांकडे त्यांची डिस्क मागितली. प्रत करून ठेवतो म्हणाला. वडील म्हणाले, "मी मेलोय का? कोमुझ आण, तुला खरंखुरंच ऐकवतो." दरवर्षी तो मागायचा, दरवर्षी वडील त्याला समोर बसवून वाजवायचे. डिस्क पेटीत, टोपीच्या कापडात गुंडाळलेली.

२०१६च्या शरदात वडील गेले. चाळिसावा दिवस झाल्यावर तोलोगोनने पेटी उघडली. दुकान बंद करून त्याने ती डिस्क वाचली. त्याचं जुनं यंत्र त्या वर्षाच्या सुरुवातीलाच मेलं होतं, हे नवं होतं, चांगलं, वेगवान. प्रत्येक तुकडा दोनदा विचारला, दोन्ही वेळा उत्तर एकच. नऊही धुना पडद्यावर हिरव्या झाल्या. जगातल्या कुणाशी जुळवायला काही नव्हतं, कारण ही डिस्क जगात कुणाकडेच नव्हती, पण हिरवं ते हिरवं. मग त्याने पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या धुनेत घोडी माथ्यावर थांबली, फिरली, उतरणीवर दौडली आणि तिथं पुन्हा एकदा, पापणी दोनदा लवेल एवढा वेळ, थांबली. मग पुढं गेली.

हे दुसरं थांबणं आमच्या लक्षात नव्हतं. पण २००४ला वडील भरात होते, असं काहीतरी त्यांना त्या दिवशी सुचलं असेल, असं मीच म्हणालो. तोलोगोन म्हणाला, आकडे जुळलेत. म्हणजे आहे. आणि खरं सांगायचं तर ते दुसरं थांबणं पहिल्याहून जास्त काळजाला लागायचं. घोडीला वाटेतच शंका आल्यासारखी, की आता जाऊन तरी काय उपयोग.

संगीतशाळेत शिकवणारी बुरुलचा, जिला सगळे एजे म्हणजे ताई म्हणतात, तिने ती प्रत नेली. वर्षाच्या आशला, म्हणजे वर्ष सरल्यावर सगळ्या खोऱ्याला जेवू घालायचं असतं तेव्हा, आपली अकरा पोरं हीच धून एकत्र वाजवतील असं तिने ठरवलं. हिवाळाभर शिकवलं. दुसऱ्या थांबण्यापाशीही तिने हात वर न्यायला शिकवलं, कारण वडील थांबले म्हणजे हात वर गेलाच असणार. अकरा हात एकदम वर जायचे. मी बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी शार्शेन अक्सकाल दुकानात आले, चौऱ्याऐंशी वर्षांचे; आमच्याकडे मान्यवर म्हाताऱ्याला अक्सकाल म्हणतात. वडलांबरोबर तीस उन्हाळे त्यांनी कुरणात काढलेले. तोलोगोनने त्यांना चहा दिला आणि ती धून लावली. मी आणखी चार माणसांबरोबर दारात उभा होतो. ऐकून झाल्यावर म्हातारा म्हणाला, परत लाव. परत लावली. मग म्हणाला, "हा घोडीला दोनदा थांबवायचा?"

मी म्हणालो, "अक्सकाल, तुमच्या कानात दहा वर्षांपासून वारा भरलाय, आधी तो काढा."

दारातली माणसं हसली. म्हातारा पण हसला, म्हणाला, असेल बाबा, मला आपलं एकदाच आठवतं. आणि काठी टेकत गेला. तोलोगोन हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरमधलं यंत्र मागून आणलं. वडलांची डिस्क त्यात घातली. आठ धुना जुळल्या. नववीत, त्याच ठिकाणी, आकडा वेगळा आला. परत वाचली, आणखी वेगळा. तिसऱ्यांदा, तिसराच. आणि त्या जागी शांतता नव्हती, कधी खरखर, कधी तुटका टणत्कार, दरवेळी दुसराच. म्हणजे तिथं डिस्कवर काहीतरी होतं, वडलांनी तिथं काहीतरी वाजवलं होतं, आणि ते आता कुणालाच वाचता येत नव्हतं.

मग हे हिरवं कसं झालं, ते शोधायला त्याला चार दिवस लागले. मी संध्याकाळी गाडी लावून गेलो तर तो स्टुलावर बसलेला, दोन्ही हात मांड्यांत.

"बाइके," तो म्हणाला, "नव्या यंत्राला स्वतःची थोडी आठवण असते. एकदा वाचलेला तुकडा ते जवळ ठेवतं. दुसऱ्यांदा विचारलं की डिस्ककडे बघतच नाही. तेच उत्तर परत देतं." मग म्हणाला, "मेंढ्या नाही मोजल्या त्याने. सकाळ मोजली."

मी विचारलं, हे थांबवता येत नाही का. येतं, म्हणाला. कॉम्प्युटरला आधी सांगून ठेवायचं असतं की हे यंत्र आठवण ठेवणारं आहे, मग तो मधे दुसरंच काही वाचायला लावून त्याला विसरायला लावतो. एक खूण करायची असते. जुन्या यंत्राला ही खोड नव्हती. नव्यासाठी ती खूण करायची राहिली होती. दीड वर्ष राहिली होती.

दीड वर्षात किती लोकांच्या डिस्क त्याच्या हातून गेल्या असतील. बरेच जण मूळ डिस्क त्याच्याकडेच टाकून जायचे, कारण तोलोगोनची प्रत हातात असल्यावर मूळ कशाला पाहिजे. त्या एका खोक्यात होत्या. त्याने खूण करून त्या परत वाचायला घेतल्या. पहिल्या वीसांत चार चुकीच्या निघाल्या. त्याने मॉस्कोला फोन लावले. एकाने उचलला नाही, एकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्हाला छान ऐकू येतंय, भाऊ, तू कशाला उकरतोस." त्यानंतर त्याने फोन केले नाहीत, पण वाचणं चालू ठेवलं.

वडलांच्या धुनेसाठी मात्र एकच मार्ग होता. पाचांपैकी दुसरी एखादी डिस्क चांगली असली तर तो सेकंदभराचा तुकडा तिच्यातून मिळेल. सगळी धून नको, एवढाच तुकडा. आशला तेरा दिवस होते.

रेकॉर्डिंगवाल्याचा नंबर लावला तर एका धोबीखान्यातल्या बाईने उचलला. तो माणूस रशियात गेला आणि तिथंच वारला, एवढं कुणीतरी सांगितलं. भवनात गेलो तर तिथल्या बाईने एक पेटी दाखवली. तीन हिवाळ्यांपूर्वी गरम पाण्याचा पाइप फुटला, पेटीत पाणी शिरलं, गोठलं, उन्हाळ्यात सुटलं. डिस्क एकमेकींना चिकटून वीट झाली होती. तोलोगोनने ती वीट घरी आणून कोमट पाण्यात ठेवली. वरची चांदी पाण्यात तरंगली.

माझ्याकडची कुठंय, त्याने विचारलं. मी म्हणालो, घरी पेटीत असेल. बायकोने दोन दिवस पेट्या उपसल्या. नाही सापडली. सापडणार नव्हतीच, पण ते नंतर सांगतो.

उरली आत्याची. आशच्या तीन दिवस आधी मी फेरी बंद ठेवली आणि आम्ही दोघं तोंगला निघालो. नार्यन, कोचकोर, मग सरोवराचा काठ. सगळ्या रस्त्यात तोलोगोन पुढच्या सीटवर बसून काचेबाहेर बघत होता. माझ्या आरशाला नेहमीप्रमाणे डिस्क टांगलेली, सगळ्या ड्रायव्हरांच्या असते तशी, वळणावर हलायची आणि त्याच्या तोंडावर उजेडाचा ठिपका फिरायचा. तो एकदा हाताने ती बाजूला सारून म्हणाला, काढ ना ही, डोळ्यात जाते. मी म्हणालो, राहू दे.

झीपार आत्याने आम्हाला पाहून वडलांच्या नावाने रडून घेतलं, मग नान, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा पुढं केला. तोलोगोनने डिस्कचं विचारलं तेव्हा तिचा चेहरा फुलला.

"ती ना? ती मागच्या अंगणात तिसऱ्या झाडावर आहे. पाखरं त्या झाडाला शिवत नाहीत. बाकीच्यांवर पण टांगल्यात, त्यांना पाखरं भीत नाहीत. माझ्या भावाची आहे, म्हणून."

तोलोगोन झाडावर चढला. पन्नाशीला टेकलेला माणूस, चष्मा लावून. दोरा सोडून तो खाली आला तेव्हा त्याच्या बोटांना चांदी लागली होती. डिस्कला मधे इतकी भोकं पडली होती की जाळी म्हणा. आत्या म्हणाली, "बघून झालं की परत टांग हो, त्याच फांदीला." आणि त्याने परत टांगली. गाठ मारली, ओढून बघितली, उतरला.

परतीच्या वाटेवर खिंडीच्या माथ्यावर मी गाडी उभी केली. चहा घेऊ म्हणालो. खरं म्हणजे मला पुढं गाडी चालवता येईना. अजून दोन दिवसांनी सगळं खोरं आमच्या अंगणात जेवणार होतं.

मी म्हणालो, "माझी पेटीत नाहीये."

तो म्हणाला, "कळलंय मला. वहिनीने पेटीचा तळसुद्धा उचकटलाय."

मी आरशाकडे बोट दाखवलं.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने हात लांब करून ती फिरवली. हिरवी शाई कधीच उडाली होती. गाडी घेतली त्या वर्षी मी ती टांगली. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक उतारूला सांगायचो, ती बघ, माझ्या वडलांची, राजधानीतून लोक आले होते रेकॉर्ड करायला. दुसऱ्यांच्या आरशाला बाजारात मिळालेल्या डिस्क, माझ्या आरशाला केरिमाली. त्यापेक्षा मोठं काय टांगायचं. नंतर शाई गेली, उतारू बदलले, मीही सांगायचा थांबलो. उन्हात राहिलेली डिस्क मरते हे मला कुणी सांगितलं नाही. नाही, ते खरं नाही. तोलोगोनने सांगितलं होतं, पुष्कळ वर्षांपूर्वी, सगळ्यांनाच सांगायचा तो. तोवर ती टांगून झाली होती, आणि काढली तर का काढली ते सांगावं लागलं असतं.

"कधी टांगलीस?" त्याने विचारलं.

"दोन हजार सहा."

"मी दुकान सातला उघडलं."

एवढंच. त्याने ती उन्हासमोर धरली. तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता, बर्फासकट. मी म्हणालो, एकदा यंत्रात घालून तर बघ. तो हो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मला तेव्हाच कळलं. घरी आल्यावर शाळेच्या यंत्रात घातली. ते गरगरलं, थांबलं, आणि पडद्यावर आलं, कृपया डिस्क घाला. डिस्क आत होती.

दुसऱ्या दिवशी तो बुरुलचा एजेकडे गेला. मी बरोबर होतो. दुसरं थांबणं काढा, म्हणाला, ते वडलांचं नाही, यंत्राचं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. साठीची बाई, शांत. मग विचारलं, "काढते. तिथं काय घालू?"

तिने त्याला समोर बसवलं.

"तोलोगोन, तिथं काय होतं ते मला सांग, गुणगुण, मी आज रात्रीत पोरांना शिकवते. तू तर वडलांसमोर बसून दरवर्षी ऐकलंस."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. तो घोडीला माथ्यावरून फिरवून उतरणीवर घेऊन आला, दोन बोटं गुडघ्यावर वाजवत, आणि त्या जागी येऊन थांबला. परत सुरुवात केली, परत तिथंच थांबला. "आता मला पण ती शांतताच ऐकू येते," तो म्हणाला. "वर्षभर हीच प्रत ऐकलीय मी." मी स्वतः मनात करून बघितलं. माझं पण तसंच झालं. बुरुलचा एजे म्हणाली, मग राहू दे. पोरांचे हात तरी बरोबर पडतील.

आश झालं. असं आश खोऱ्यात दहा वर्षांत झालं नसेल, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. दोन घोडे कापले, सहा तंबू उभे केले, सात गावांतून माणसं आली. जेवणं झाल्यावर अकरा पोरं सतरंजीवर बसली. मौलवींनी, अशा प्रसंगी वाद्य नको म्हणून, तोंड फिरवलं पण उठून गेले नाहीत. घोडी दौडली, माथ्यावर थांबली, अकरा हात वर गेले. फिरली. उतरणीवर आली. परत अकरा हात वर गेले, आणि तिथं बायकांमधून हुंदका फुटला. तिथंच. पहिल्यापाशी नाही, दुसऱ्यापाशी. पुरुषसुद्धा टोप्या सारख्या करायला लागले.

तोलोगोन तंबूच्या दाराशी उभा होता. संपल्यावर तो पुढं आला आणि म्हणाला, मला काही सांगायचंय. सांगितलं त्याने, सरळ, उभं राहून, की दुसरं थांबणं आमच्या वडलांनी कधी वाजवलं नव्हतं, आपल्या हातून झालेली चूक आहे ती, आणि तिथं काय होतं ते आता सापडणार नाही. माझ्या डिस्कचं त्याने काही सांगितलं नाही. कुणीतरी म्हणालं, बस बाळा, थकलास तू. दुसरा म्हणाला, बापाचं दुःख आहे, बोलतो माणूस.

तेव्हा तोलोगोनने शार्शेन अक्सकालकडे हात केला. "अक्सकाल, तुम्ही सांगा. तुम्हीच म्हणाला होतात."

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता, डोळे ओले. सगळे त्याच्याकडे वळले.

"मी तेव्हा चुकलो होतो रे," तो म्हणाला. "आता पोरांचे हात बघितले आणि आठवलं. दोनदाच थांबायचा केरिमाली. वरच्या कुरणात, आगीपाशी. हात असाच दोनदा वर जायचा. मला आत्ता दिसला तो."

माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली. कुणी तोलोगोनच्या पाठीवर थाप मारली. तो हसला, खरंच हसला, पाहुण्यांसाठी हसतात तसा, आणि मांस वाढायला गेला. पाहुणे संपेपर्यंत त्याने हातातलं ताट खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नार्यनची फेरी भरत होतो, बाजारापाशी. तोलोगोन दुकानातून आला. त्याने दुकानाबाहेरची 'हुबेहूब प्रत' लिहिलेली पाटी उतरवली होती, ती काखेत होती, आणि हातात माझी डिस्क. गाडीत वाकून त्याने ती आरशाला बांधली. दोन गाठी मारल्या, ओढून बघितली. "इथं तरी कुणी वाचणार नाही," म्हणाला, आणि गेला.

गाडी सुटली. मागच्या सीटवर दुसऱ्या तालुक्यातली एक संगीतशिक्षिका होती, आशला आलेली. तिने कालचं सगळं फोनवर घेतलं होतं. आमच्याकडच्या मुलांना हेच शिकवणार म्हणाली, आणि चढावर गाडीतच लावलं. पुढच्या वळणावर ऊन आलं आणि डिस्कचा फिकट ठिपका छतावर फिरायला लागला. घोडी पहिल्यांदा थांबली, मग दुसऱ्यांदा थांबली.

"हे तुमच्या वडलांचंच ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.